पंक्तिप्रपंच

दर वर्षी 12 जानेवारीला आमच्या बोईसरच्या घरी बैठक भरते. बैठक म्हणायचं, पण गाणारं कोणी नसतं. गाणारा 1992 साली याच तारखेला देवासला वारला. आम्ही दहा-बारा जण जमतो आणि जुन्या एलपी, कॅसेटी, हल्ली नातवाने फोनमध्ये भरून दिलेलं, असं कुमार गंधर्वांचं गाणं दुपारी चारपासून रात्री दहापर्यंत ऐकतो. मध्ये उकडहंडी असते. कोनफळ, रताळी, वालपापडी मडक्यात ठासून भरायची आणि अंगणात जाळ लावायचा, ही आम्हा वाडवळांची थंडीतली हौस. 1993 पासून हा नेम चुकलेला नाही. 2021 साली जमता आलं नाही, तेव्हा गाणं ज्याने त्याने आपापल्या घरी ऐकलं आणि उकडहंडी मी डबे भरून दारोदार पोचवली.

आरतीचा क्रम जसा ठरलेला असतो, तसा आमच्या बैठकीतही एक क्रम ठरून गेला आहे. कोणी नवा माणूस आला की त्याने आपलं ‘पहिलं ऐकणं’ सांगायचं. कुमार तुझ्या कानावर कधी पडले, कुठे, कसे? नव्याचं सांगून झालं की जुन्यांना राहवत नाही. मग तेही आपापलं सांगतात, दर वर्षी, त्याच शब्दांत. कोणी एखादा तपशील गाळला तर दुसरा तो भरून काढतो.

चिंचणीच्या बाई पहिल्या. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या. मुंबईत कॉलेजात असताना मैत्रिणीला नको असलेला पास त्यांना मिळाला आणि बाहेर पाऊस होता म्हणून त्या दादरच्या एका सभागृहात जाऊन बसल्या. “मला मुळीच आवडलं नाही,” बाई सांगतात. “माणूस सूर लावतोय आणि मध्येच सोडून देतोय. जिना चढताना दम लागावा तसं. मी मध्यंतरात उठून आले.” पुढे सात-आठ वर्षांनी वर्गात सुभाषित शिकवताना त्या अर्ध्या चरणावर थांबल्या. पाहतात तर समोर चाळीस मुलांचे ओठ हलताहेत, उरलेला अर्धा चरण मुलं आपल्या आपण म्हणताहेत. “तेव्हा कळलं, तो माणूस सूर सोडत नव्हता. माझ्या हातात देत होता.”

सातपाटीच्या भाऊंची गोष्ट वेगळी. घरची बोट. दत्तजयंतीला लावायला म्हणून पालघरच्या स्टेशनबाहेरून त्यांनी भजनाची कॅसेट मागितली. दुकानदाराने भजनाचीच दिली, फक्त ती निर्गुणी निघाली. देवळात ती चालली नाही. टाळ नाही, गजर नाही, लोक म्हणाले बंद करा. मग भाऊंनी ती बोटीवर नेली. पापलेटाच्या हंगामात जाळं टाकून वाट बघायच्या तासांत ती बॅटरीवर वाजत राहिली. भाऊंना आजही एका रागाचं नाव सांगता येणार नाही. ते एवढंच म्हणतात, “पाण्यात बुडी मारणारा माणूस श्वास जपून वापरतो, तसा हा वापरतो.”

डॉक्टरांना कुमार आधी रोगी म्हणून भेटले, गायक म्हणून नंतर. वैद्यकीय कॉलेजात छातीच्या रोगांवर शिकवणाऱ्या सरांनी वर्गात एक उदाहरण सांगितलं. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी मुंबईची सभा जिंकणारा, देवधर मास्तरांकडे शिकलेला मुलगा. 1947 मध्ये त्याला क्षय झाला. 1948 च्या जानेवारीत कोरड्या हवेसाठी तो देवासला गेला आणि पुढची चार-पाच वर्षं अंथरुणावर काढली. अमेरिकेत 1943 साली सापडलेलं स्ट्रेप्टोमायसिन तोवर आपल्याकडे येऊ लागलं होतं, त्याने तो वाचला. एक फुप्फुस मात्र निकामी झालं ते झालंच. उरलेल्या एकावर तो पुढे जवळजवळ चाळीस वर्षं गायला. डॉक्टर त्या संध्याकाळी एलपी शोधत फिरले. “मला छातीचा फोटो बघायचा होता,” ते हसून सांगतात, “फोटो मिळाला नाही, म्हणून गाणं ऐकलं.”

आणि तारापूरचे चाचा. मुंबईत घड्याळं दुरुस्त करायचे, रोज फ्लाइंग राणीने जाऊन येऊन. गाडीत शेजारी बसणाऱ्या पासवाल्याने एकदा वॉकमनचा एक बोंडू यांच्या कानात घातला आणि एक स्वतःच्या. पालघर ते विरार दोघं डोकी जोडून बसले. त्या पासवाल्याचं नाव चाचांनी कधी विचारलं नाही. पुढे त्याची बदली झाली असावी.

या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की शेवट सगळ्यांचा एकाच ठिकाणी होतो. भाऊ कपाळाला हात लावून म्हणतात, “देवाची कृपा.” बाई म्हणतात, “पूर्वसंस्कार.” डॉक्टर म्हणतात, “निव्वळ योगायोग.” चाचा वर बघतात. आणि मी, यजमान म्हणून, समाधानाने सगळ्यांना चहा देतो. एकतीस वर्षं हे असं सुरळीत चाललं होतं.

2024 च्या जानेवारीत, कुमारांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ते अडलं. पाण्याचे वीस लिटरचे जार घेऊन येणारा मुलगा आला होता. जव्हारकडच्या एका पाड्यावरचा, बावीस-तेवीस वर्षांचा. एमआयडीसीजवळ एका खोलीत चौघांबरोबर राहतो. जार ठेवून निघाला होता, बायकोने त्याला थांबवलं. “बस रे, खाऊन जा.” तो दाराजवळ बसला. नवा माणूस म्हणून बाईंनी त्यालाही विचारलं, “तू कधी ऐकलंस पहिल्यांदा?”

“आत्ताच,” तो म्हणाला. आम्ही हसलो. पानावरचं त्याने सगळं खाल्लं, हात धुतला आणि रिकामे जार उचलता उचलता म्हणाला, “काका, तुम्हाला सगळ्यांना कोणी ना कोणी ऐकवलं. त्याला तुम्ही देवाची कृपा म्हणता. आमच्याकडे ऐकवायला कोणी आलंच नाही. मग देवाने आम्हाला वगळलं का?” आणि आमची तोंडं बघून, “मी सहज विचारलं,” म्हणत निघून गेला.

मला एकदम माहीमची लग्नं आठवली. केळवे-माहीम माझं गाव, घरची पानवेलीची बाग. लहानपणी वाडीत पंगत बसली की आम्हा पोरांची जागा शेवटी, माडाच्या बुंध्याशी. यजमानाचे पाहुणे वरच्या टोकाला. वाढपी तिकडून निघायचा. भात आमच्यापर्यंत यायचा, वरण यायचं, जिलेबीची परात मात्र पुष्कळदा मधूनच मागे फिरायची. माझी आजी त्याला एकच शब्द वापरायची, पंक्तिप्रपंच. तिच्या लेखी त्याहून मोठं पाप नव्हतं. एकवेळ उपाशी ठेवा म्हणायची, पण पानावर बसवून वगळू नका. आता हा मुलगा विचारत होता की देव पंक्तिप्रपंच करतो का.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. त्यांनाही झोप लागली नव्हती. “अहो, हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही,” त्या म्हणाल्या. “ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हाच घेतलाय. जगात एवढी विषमता आहे, तर ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? उत्तर दिलंय की नाही ठरत, तो ज्याच्या त्याच्या कर्माकडे पाहून देतो. शंकराचार्य तिथे पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो. भाताचं बी असेल तिथे भात उगवतो, जवाचं असेल तिथे जव. फरक बियांचा, पावसाचा नव्हे.”

मग त्यांनी कठोपनिषदातला वाद सांगितला. आत्मा ज्याला निवडतो त्यालाच तो मिळतो, अशा अर्थाचं तिथे एक वचन आहे. रामानुजांच्या परंपरेत त्याचा सरळ अर्थ करतात, निवडणारा देव. शंकराचार्य शब्द फिरवून लावतात, निवडणारा साधक. पुढे तमिळ वैष्णवांत यावरून दोन पंथ पडले. एक म्हणतो, माकडिणीचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, तसं आपण देवाला धरायचं. दुसरा म्हणतो, मांजरीच्या पिल्लाला काहीच करायचं नसतं, आईच त्याला मानगुटीला धरून नेते. “तुम्ही माकड की मांजर?” बाईंनी विचारलं. मी म्हटलं, मी टेक्निशियन, विचार करून सांगतो.

पावसाचा दाखला काही मला पटेना. शंकराचार्यांशी वाद घालायची माझी लायकी नाही, पण पाऊस मी याच जिल्ह्यात पाहिलेला आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या पट्ट्यात तो असा कोसळतो की चार हात पुढचं दिसत नाही. सूर्या नदीवर धामणीला धरण आहे, कवडासला बंधारा आहे. तिथून निघालेली पाइपलाइन वसई-विरारला जाते. आणि चैत्र लागला की ज्या डोंगरांवर तो पाऊस पडला, त्यांच्याच उतारांवरच्या पाड्यांतल्या बाया दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन झऱ्याला निघतात. बी वाईट होतं म्हणून त्यांच्या हंड्यात पाणी नाही, असं कोणी म्हणेल का? पाऊस पंक्तिप्रपंच करत नाही हे शंभर टक्के मान्य. पण पाऊस आणि पीक यांच्यामध्ये एक नळ असतो, आणि तो नळ कुठून कुठे न्यायचा हे माणूस ठरवतो.

हे मी फोनवर डॉक्टरांना ऐकवलं, तर त्यांनी मला आडवं लावलं. “ऐकवलं म्हणून लागतं असं थोडंच आहे? तुमच्या कॉलनीतले शेजारी कुमारांची लावायचे ती एलपी किती घरांना ऐकू जायची? वीस? मग एकोणीस घरांना काहीच कसं झालं नाही?”

चाचा त्यावर म्हणाले, याचं उत्तर इमाम गझालींनी नऊशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. चाचांच्या वडिलांकडे गझालींचं ‘कीमिया-ए-सआदत’ उर्दूत होतं. गझाली म्हणतात, माणसाचं काळीज चकमकीसारखं आहे, आग आत आधीपासून दडलेली असते. गाणं आत नवीन काही घालत नाही, आहे ते पेटवतं. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला हे पटणारच. स्प्रिंग आत असेल तर चावीचा उपयोग.

आता मला माझी स्वतःची गोष्ट तपासून पाहणं भाग होतं. मी ती कशी सांगत आलो ते आधी सांगतो. मी तारापूरच्या अणुवीज केंद्रात 1972 साली लागलो, कॉलनीत राहायचो. 1978 च्या पावसाळ्यात चिंचणीच्या रस्त्यावर स्कूटर घसरली आणि पायाला सहा आठवडे प्लास्टर आलं. शेजारच्या क्वार्टरमध्ये इंदूरकडचे एक साहेब होते. एका रात्री त्यांच्या घरातून निर्गुणी भजनाचे सूर खिडकीतून आत आले, मी डोळे मिटले आणि आयुष्याला वळण लागलं. ही झाली बैठकीतली गोष्ट. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात.

खरी गोष्ट अशी. ते साहेब ती तबकडी दोन वर्षं रोज रात्री नऊ वाजता लावत होते. दोन वर्षं मी ती रोज ऐकत होतो आणि रोज उठून खिडकी लावून घेत होतो, कारण रात्रपाळी असली की मला त्या वेळी तासभर डोळा लागायला हवा असायचा. एकदा तर मी वहिनींना सांगूनही आलो होतो की जरा हळू लावा. पाय मोडल्यावर मला उठता येईना. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, सोबतीला आलेली ताई आठ वाजताच झोपायची. खिडकी लावायला कोणी नव्हतं, म्हणून मी कुमार गंधर्व ऐकले. सहा आठवडे, रोज. पहिले आठ-दहा दिवस चरफडत.

यात मी माकड नव्हतो, काही धरलं नव्हतं. मांजरही नव्हतो, कारण मांजरीचं पिल्लू निदान तिला मानगूट देतं. मला ठाऊक असलेला दाखला माझ्या कामातला आहे. आमच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या, 28 ऑक्टोबर 1969 पासून व्यावसायिक तत्त्वावर वीज देऊ लागलेल्या, उकळत्या पाण्याच्या. युरेनियमचं केंद्रक फुटलं की त्यातून न्यूट्रॉन सुटतो, सेकंदाला 20,000 किलोमीटरच्या आसपास वेगाने. एवढ्या वेगात तो दुसऱ्या केंद्रकांजवळून जातो खरा, पण बहुतेक वेळा काही न घडवता निघून जातो. मग त्याला पाण्यातून जाऊ द्यायचं. पाण्यातल्या हायड्रोजनवर 18-20 वेळा आपटला की त्याचा वेग सेकंदाला दोन-तीन किलोमीटरवर येतो. आता तोच न्यूट्रॉन, तसंच केंद्रक, आणि साखळी सुरू होते. म्हणून त्या पाण्याला आम्ही मंदायक म्हणतो. इंधन आधीपासून होतं, न्यूट्रॉन आधीपासून होता. कमी होता तो संथपणा.

माझ्याकडून कुमारांचा स्वर दोन वर्षं असाच निघून जात होता. प्लास्टर हा माझा मंदायक. गझालींची चकमक खरी, पण ती पेटायला माणूस जागेवर असावा लागतो, आणि सहा आठवडे जागेवर राहण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. मला भरपगारी रजा होती. पाय मोडलेला कंत्राटी कामगार चौथ्या दिवशी काठी टेकत गेटवर उभा असतो. डॉक्टरांच्या एकोणीस घरांचं उत्तर अर्धं यात आहे. त्या घरांतले पाय धड होते.

उरलेलं अर्धं उत्तर मला ताईने दिलं. खिडकी खरंच उघडी होती ना, ताई खरंच लवकर झोपायची ना, हे विचारायला मी तिला माहीमला फोन केला. ती म्हणाली, “ते सगळं खरं. पण ते तुझं पहिलं कसलं? आई काय ऐकायची?”

आई पानं मोजून टोपलीत रचायची. ओटीवर रेडिओ असायचा. ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकातलं कुमार गंधर्व आणि वाणी जयराम यांनी गायलेलं ऋणानुबंधाचं गाणं त्यावर लागलं की आईचे हात थांबायचे. गाणं संपलं की किती पानं झाली ते तिला आठवायचं नाही. मग टोपली रिकामी करून पुन्हा एकपासून मोजणी. टोपल्या स्टेशनावर वेळेत पोचवायचं काम माझं, त्यामुळे त्या गाण्यावर माझा भारी राग. “तू एकदा रेडिओची बॅटरी काढून लपवली होतीस,” ताई म्हणाली.

हे मी साफ विसरलो होतो. 1978 साली प्लास्टरमध्ये पडून ऐकताना एक क्षण असा आला होता की हा आवाज आपल्या ओळखीचा आहे. त्या क्षणाला मी सेहेचाळीस वर्षं गूढ समजत आलो. बाईंना विचारलं तर त्या कालिदास सांगतात. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात हंसपदिकेचं गाणं ऐकून दुष्यंत अस्वस्थ होतो आणि त्याला वाटतं की मागच्या जन्मीचं काही आठवतंय. माझा मागचा जन्म एवढा लांबचा नव्हता. तो पालघरहून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर होता आणि तिथे आई पानं मोजत होती.

तेव्हापासून मी बैठकीतले शब्द एकेक करून हातात घेऊन पाहिले. योगायोग म्हटलं की कोणाचं काही देणं लागत नाही. पूर्वसंस्कार म्हटलं की मान ताठ होते. कृपा म्हटलं की हात जोडले जातात, आणि जोडलेल्या हातांनी दुसरं काम होत नाही. आईच्या गाण्यातला शब्द मात्र निराळा निघाला. आपल्या लोकांनी गाठीभेटींसाठी शब्द काढला तो सावकारीतला. ऋण. भेट झाली म्हणजे खातं उघडलं. माझ्या खात्यावर आई आहे, जिला मी बॅटरी लपवून त्रास दिला. इंदूरचे साहेब आहेत, ज्यांना मी आवाज कमी करायला सांगितला. चाचांच्या खात्यावर तो बिननावाचा पासवाला आहे, भाऊंच्या खात्यावर चुकीची कॅसेट देणारा दुकानदार. आम्ही या सगळ्यांना पुसून तिथे देवाचं नाव लिहिलं होतं. त्यात भक्ती कमी आणि सोय जास्त. देवाचं देणं कोणी वसुलीला येत नाही.

कुमारांचं स्वतःचं पहिलं ऐकणंही असंच आहे. शिकलेलं, मिरवलेलं शास्त्रीय गाणं तोंडातून काढायची डॉक्टरांनी बंदी केलेली. माणूस देवासच्या घरात पडून. दारावरून माळव्यातल्या बाया गात जायच्या, जोगी गात जायचे. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी, त्यामुळे नाथपंथी फिरस्त्यांची ये-जा. त्यांच्यापैकी कोणीही या आजारी गवयासाठी गात नव्हतं. ते आपल्या वाटेने चालले होते. पाच वर्षं पडून ऐकलेलं ते पुढे उभं राहिलं. माळव्याच्या धुनांतून नवे राग आले, 1965 मध्ये ‘अनूपरागविलास’ छापून निघालं, आणि ज्या सभागृहांत ख्यालच चालायचा तिथे कबीराची निर्गुणी भजनं मानाने बसली. दारावरच्या जोग्याचं ऋण त्यांनी असं फेडलं. ऐकलेलं स्वतःच्या कोठारात ठेवलं नाही, पंक्तीत वाढलं.

मग माझ्या दारावरून काय जातं?

मार्चमध्ये जार ठेवायला आलेल्या त्या मुलाला मी हेच विचारलं. तो म्हणाला, “माझा मामा तारपा वाजवतो. तुम्ही ऐकलाय का तारपा?” मी ताबडतोब म्हटलं, “हो तर!” “कुठे?” मी आठवू लागलो. एका उद्घाटनाला. पाहुणे गाडीतून उतरले तेव्हा. आम्ही खुर्च्यांवर होतो, पाहुणे आले, टाळ्या झाल्या, तारपा थांबवला. आणखी एकदा, अशाच एका उद्घाटनाला. मुलाने मान डोलावली आणि जार उचलला. बावन्न वर्षं मी बोईसर-तारापुरात राहिलो होतो. देवासला जाऊन कुमारांचं घर बघून आलो होतो. जव्हारच्या रस्त्यावर दोन तास जाऊन बसून तारपा ऐकलेला नव्हता. खिडकी मी अजून लावून घेतच होतो.

दिवाळीत डॉक्टर, भाऊ आणि मी त्याच्या पाड्यावर गेलो. नवं भात घरात आलं होतं. रात्री मामाने तारपा काढला. सुकवलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानाचं लांब तोंड. वाजवायला लागला आणि डॉक्टर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “श्वास घेतोय कधी ते बघा.” दिसेना. गाल फुगलेले, नाकाने हवा आत येतेय, तोंडाने बाहेर जातेय, सूर कुठे तुटत नाही. अर्ध्या श्वासावर जग उभं करणाऱ्या माणसाचे आम्ही भक्त, आणि समोर एक जण श्वास तुटूच देत नव्हता. भाऊ म्हणाले, “हा बुडी मारून वरच येत नाही!”

एकमेकांच्या कमरेत हात घालून बाया-पुरुषांची साखळी तारपावाल्याभोवती फिरत होती. वाजवणारा मध्ये, त्याच्याकडे पाठ करायची नाही असा रिवाज. साखळीला शेपूट होतं, तिथे लहान पोरं होती, जशी आमच्या पंगतीत माडाच्या बुंध्याशी असायची. पण साखळी वेटोळं घेत होती. शेपटावरचं पोर वळत वळत मामाच्या अगदी समोरून जात होतं, आणि मामा तारप्याचं तोंड त्याच्याकडे वळवत होता.

थांबल्यावर मी सवयीने विचारलं, “मामा, तुम्ही पहिल्यांदा तारपा कधी ऐकलात?” त्याला प्रश्न कळेना. भाच्याने समजावून सांगितलं. मामा म्हणाला, “पहिला असा नाही. होताच.”

परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. माझ्या डोक्यात एवढंच फिरत होतं की आमची पहिल्या ऐकण्याची गोष्ट आम्हाला एवढी मोलाची वाटते, कारण आमच्याकडे ऐकू न येणं हाच रिवाज आहे. जिलेबी क्वचित शेवटपर्यंत येते म्हणून ती आली तो दिवस आठवणीत राहतो. परात सगळ्यांपुढून फिरते तिथे तो दिवस कोणी लक्षात ठेवत नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाला मी उत्तर देतो ते हे. देवाची वकिली मी करणार नाही. ब्रह्मसूत्रांनी केली आहे, तेवढी पुरे. स्वयंपाक करणाऱ्याने भांडं भरून दिलं होतं, याची साक्ष मी देऊ शकतो. माझ्यासारख्या नालायकाच्या पानावर ते दोनदा आलं, दोन्ही वेळा मी नको म्हणत असताना आलं. पुढे ते थांबलं ते माझ्याशी. एकतीस वर्षं बैठक माझ्या घरात होत होती आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी दार ओढून घेत होतो. पंक्तिप्रपंच वाढप्याने केला, आणि वाढपी मी होतो.

2025 च्या बैठकीत आम्ही नेम बदलला. आता पहिलं ऐकणं सांगायचं नाही. मला कोणी ऐकवलं आणि मी कोणाला ऐकवलं, हे दोन सांगायचे. पहिलं सगळ्यांनी झटक्यात सांगितलं. दुसऱ्यापाशी खोली गप्प झाली. डॉक्टर म्हणाले, चार रोग्यांना. बाईंनी बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली.

मुलगा आला होता, मामालाही घेऊन आला होता. दोघांनी दोन भजनं नीट ऐकली. मामा म्हणाला, “चांगला आहे. दम कमी पडतो.” डॉक्टर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मडकं फोडलं, पानं मांडली, आणि वाढायला मी दाराकडच्या शेवटच्या पानापासून सुरुवात केली.